बॅटरीवरचे मोरचूद

डिसेंबर सरता सरता निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर येतो, एखाद्या वर्षी त्याहूनही खाली. द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात आणि उजाडताच फवारणीसाठी ट्रॅक्टर काढायचा असतो. चावी फिरते. सेल्फ एकदाच ‘टक्’ करतो आणि गप्प बसतो. दिवे लागतात, हॉर्न खणखणीत वाजतो, इंजिन मात्र हलत नाही. वायरमनला फोन जातो. तो येतो, चावी दोनदा फिरवून पाहतो आणि सांगतो, ‘नाना, बॅटरीत दम राहिला नाही.’ दुपारपर्यंत नवी बॅटरी बसते, ट्रॅक्टर पहिल्या चावीला धडधडतो, जुनी बॅटरी शिशाच्या भावात जाते. सगळे खूश.

महिना-दीड महिन्याने पुन्हा तेच ‘टक्’.

हा प्रसंग इतका नेहमीचा आहे की गॅरेजवाल्याने तो निदान एकदा तरी पाहिलेला असतो, आणि खरे बोलायचे तर एकदा तरी घडवलेलाही असतो. त्यातली मेख साधी आहे. नवी बॅटरी बसवायची तर दोन्ही टर्मिनल सोडवावी लागतात, खरवडावी लागतात, नव्या पोलवर चढवून आवळावी लागतात. धातूला धातू लागतो. दुखणे केबलच्या टोकाशी होते, ते या खरवडण्याने चार आठवडे दबले. श्रेय बॅटरीला गेले आणि बिलही बॅटरीचेच झाले. दुसऱ्या खेपेला नाना वायरमनला बोलावत नाहीत. तालुक्याहून केबल आणतात आणि गोठ्याशेजारी ट्रॅक्टर उभा करून स्वतःच बदलतात.

याचा राग धरणारे कारागीर कमी नाहीत. मोबाइलवर व्हिडिओ बघून जो तो मिस्त्री झाला, ही तक्रार कुठल्याही गॅरेजच्या बाकड्यावर ऐकू येते. राग समजण्यासारखा आहे, पण तो चुकीच्या ठिकाणी निघतो. दहा नंबरचा पाना गिऱ्हाइकाने फिरवला म्हणून धंद्याचे काही जात नाही. केबलचा दोष मोजून शोधणे, योग्य जाडीचे तांबे कापणे आणि त्याला थिंबल नीट दाबून देणे ही कामे मात्र घरच्या अंगणात होत नाहीत, आणि आज ती बऱ्याच दुकानांतही होत नाहीत. काळजी करावी ती याची.

बॅटरीच्या पोलवर साठणारी निळसर-हिरवी पूड द्राक्षवाल्याला नवी नसते. बॅटरीतून निघणारा गंधकाम्लाचा अंश तांब्याला लागला की तयार होते ते तेच मोरचूद, जे तो चुन्याच्या निवळीत मिसळून बागेवर फवारतो. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि साधारण तेवढाच चुना, हे एक टक्का बोर्डो मिश्रणाचे प्रमाण त्याला तोंडपाठ असते. शिवाय मिश्रण तयार झाले की तो त्यात लोखंडी विळा बुडवतो. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घालायचा. पाने करपण्याआधी दोष सापडतो.

हाच माणूस बॅटरीची तक्रार घेऊन येतो, तेव्हा त्याच्यासमोर कोणी विळा बुडवत नाही. हात लावून, हॉर्न वाजवून, फार तर बॅटरीच्या पोलांमध्ये तार टेकवून ठिणगी काढून निदान होते. ठिणगीची ही पद्धत धोक्याची आहे आणि तिने काही सिद्धही होत नाही. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की तो पेट घेऊ शकतो. बॅटरी फुटून तोंडावर ॲसिड उडाल्याच्या कहाण्या या धंद्यात पुरेशा आहेत.

हॉर्न वाजतो आणि सेल्फ फिरत नाही, याचा हिशेब एकदा वहीत मांडून ठेवावा असा आहे. हेडलाइटची जोडी सुमारे १० अँपिअर घेते. थंडीत डिझेल इंजिन फिरवणारा सेल्फ सहज २०० अँपिअर घेतो. समजा, गंजलेल्या जोडात फक्त १० मिलिओहम, म्हणजे एका ओहमचा शंभरावा भाग, एवढाच अडथळा आहे. दिव्यांसाठी त्यात ०.१ व्होल्ट जिरतो. डोळ्याला फरकही कळत नाही. सेल्फसाठी त्याच जोडात २ व्होल्ट जिरतात. गारठ्याने बॅटरी आधीच अशक्त झालेली असते, कारण शून्य अंशाजवळ तिची सेल्फ फिरवण्याची ताकद जवळपास एक-तृतीयांशाने घटते. इंजिनातले तेलही घट्ट झालेले असते. अशा वेळी वाटेत दोन व्होल्ट गमावले तर सेल्फने करायचे काय? तो ‘टक्’ करतो. हॉर्नची परीक्षा म्हणजे गाड्यावरची पोती ओढू न शकणाऱ्या बैलाला रिकामा गाडा ओढायला लावून पास करण्यासारखे आहे.

दोष शोधायला लागते ते पाचशे रुपयांच्या आतले मल्टिमीटर आणि चावी फिरवायला एक माणूस. ट्रॅक्टरचा स्टॉप नॉब बाहेर ओढून ठेवायचा, म्हणजे इंजिन सुरू न होता नुसते फिरेल. पेट्रोल गाडी असेल तर इंधन पंपाचा फ्यूज काढायचा. मीटर डीसी व्होल्टवर. लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोलवर धरायचे. वर चढवलेल्या टर्मिनलवर नव्हे, खाली डोकावणाऱ्या शिशाच्या पोलवर. काळे टोक सेल्फच्या मोठ्या बोल्टवर. चावी फिरवून सेल्फ ताण घेत असताना आकडा वाचायचा. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर पॉझिटिव्ह बाजू ठीक. मग तीच परीक्षा अर्थच्या बाजूची : इंजिनच्या ब्लॉकवरचा स्वच्छ धातू आणि बॅटरीचा निगेटिव्ह पोल. इथे पाव व्होल्टच्या वर आकडा गेला तर शंका घ्यावी.

पुढची पायरी अनेकजण गाळतात आणि खरी गंमत तिथेच आहे. आकडा जास्त आला की लाल टोक पोलवरून उचलून टर्मिनलवर ठेवायचे आणि पुन्हा चावी मारायची. दीड व्होल्टचा आकडा एकदम पाव व्होल्टवर आला, तर केबल निर्दोष आहे, गंज पोल आणि टर्मिनलच्या मधल्या जागेत आहे. खरवडून काम भागेल. आकडा तसाच राहिला तर टोक थिंबलवर, मग केबलच्या दुसऱ्या टोकाला. ज्या जागेवर आकडा पडतो तिथेच दोष. दर वेळी सेल्फ दहा सेकंदांच्या वर मारायचा नाही, मध्ये त्याला थंड होऊ द्यायचे. सगळे मिळून दहा मिनिटांचे काम. गिऱ्हाईक बाजूला उभे राहून आकडे बघत असेल तर फारच उत्तम; त्याला मग बॅटरी का नको आणि केबल का हवी, हे समजावून सांगावे लागत नाही.

केबल हवी असे ठरल्यावर दुसरा घोळ सुरू होतो.

१९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा सेल्फ बसला, तेव्हापासून सेल्फची केबल ही गाडीतली सर्वांत जाड वायर राहिली आहे. जाड म्हणजे आतले तांबे जाड. पुण्याच्या नाना पेठेत काय किंवा तालुक्याच्या बाजारात काय, गिऱ्हाईक केबल बोटांनी चाचपून घेते आणि बोटांना लागते ते वरचे प्लास्टिक. त्या जाड सालीखाली १६ चौरस मिलिमीटरचा गाभा निघतो, आणि तोही कधी तांब्याचा नव्हे, तांब्याचा पातळ थर चढवलेल्या ॲल्युमिनियमचा. दीड मीटर लांबीच्या, ३५ चौरस मिलिमीटरच्या खऱ्या तांब्याच्या केबलमध्ये २०० अँपिअरला साधारण ०.१७ व्होल्ट जिरतो. तशाच दिसणाऱ्या त्या दुसऱ्या केबलमध्ये जवळजवळ ०.६ व्होल्ट. सेल्फ चालू असेपर्यंत तिच्यात शंभर वॅटच्या जुन्या बल्बहून अधिक उष्णता निघत असते. त्यात ॲल्युमिनियम थिंबलच्या दाबाखाली हळूहळू पसरते, जोड सैल होतो आणि ॲसिडच्या सहवासात फार लवकर खराब होतो. ध्वनियंत्रणेच्या दुकानातली चकचकीत पारदर्शक वायर सेल्फला लावणाऱ्या हौशी मंडळींना हा अनुभव वर्षभरात येतो.

ओळखायचे कसे? एक तार पात्याने खरवडावी. वरून तांबूस आणि आत चंदेरी दिसले तर ॲल्युमिनियम. वरून चंदेरी आणि आत तांबूस दिसले तर ते कल्हई केलेले तांबे, उत्तम माल; समुद्राकाठच्या गाड्यांना तेच द्यावे. याहून पक्की परीक्षा वजनाची. केबलचा दहा सेंटिमीटरचा तुकडा सोलून आतला धातू सोनाराच्या काट्यावर ठेवला तर २५ चौरस मिलिमीटरचे तांबे २२ ग्रॅमच्या आसपास भरते, ३५ चे ३१ ग्रॅमच्या आसपास. ३५ म्हणून घेतलेला तुकडा बारा-तेरा ग्रॅम भरला तर पुढे बोलायला नको. घाऊक माल भरणाऱ्या दुकानदाराने प्रत्येक नव्या भेंडोळ्याचा असा एक तुकडा तोलावा आणि काटा गिऱ्हाइकाला दिसेल असा ठेवावा. शिक्क्यावर आणि बिलावर विश्वास ठेवून फसलेले दुकानदार शेवटी गिऱ्हाइकाच्या तोंडी लागतात.

थिंबलचे काम त्याहून नाजूक. गावाकडे अजून ऐरणीवर थिंबल ठेवून छिन्नीचे दोन घाव घालायची पद्धत आहे. कोणी व्हाइसमध्ये दाबतो, कोणी वरून डाक ओततो. घाव घातलेली थिंबल बाहेरून घट्ट दिसते, पण कापून पाहिली तर तारांमध्ये पोकळ्या दिसतात. त्या पोकळ्यांतून ॲसिडची वाफ आणि ओल आत शिरते आणि प्लास्टिकच्या सालीखाली वीतभर तांबे काळे पडते. बाहेरून केबल नवीकोरी! डाकाचा प्रश्न वेगळा. वितळलेला डाक तारांतून वर चढतो. जिथे तो थांबतो तिथे लवचीक केबल आणि कडक केबल यांची सीमा तयार होते. ट्रॅक्टरच्या हादऱ्यांनी नेमकी तिथे एकेक तार तुटत जाते. शिवाय नेहमीचा शिसे-कथलाचा डाक १८३ अंशांना मऊ पडू लागतो, आणि खराब जोड तापायला लागला की डाकाची मदत हवी तेव्हाच मिळत नाही. योग्य मापाचा षट्कोनी साचा असलेले हायड्रॉलिक दाबयंत्र हाच त्यावर उपाय. दाबलेल्या जागेवर आतून गोंद असलेली आकसणारी नळी चढवली की ओलीची वाट बंद. हे यंत्र घरी कोणी विकत घेणार नाही, घ्यायचे कारणही नाही. दुकानात ते असायला हवे. सध्या चित्र असे दिसते की बॅटऱ्यांची भिंतभर मांडणी असलेल्या दुकानात थिंबल अजून हातोडीने दाबली जाते.

चिपळूणच्या जुलै २०२१ च्या किंवा सांगली-कोल्हापूरच्या ऑगस्ट २०१९ च्या पुरात बुडालेल्या गाड्यांचे काम ज्यांनी केले, त्यांना सालीखालचे काळे तांबे वेगळे सांगायला नको. पुराचे पाणी केबलच्या उघड्या टोकातून वातीसारखे आत चढते. गाडी वाळते, सुरू होते, विकलीही जाते आणि वर्षा-दोन वर्षांनी दुसऱ्याच गावात कुणाच्या तरी दारात ‘टक्’ करते. अशी केबल टोकापासून चार बोटे सोलून पाहावी. तांबे काळे निघाले तर टोक कापून नवी थिंबल दाबण्यात अर्थ नाही.

अर्थच्या केबलची उपेक्षा हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. बहुतेक गाड्यांत इंजिन रबराच्या फाउंडेशनवर बसलेले असते, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते चेसीपासून तुटलेले असते. त्याला बॅटरीशी जोडते ती एक केबल किंवा तांब्याची विणलेली पट्टी. लाल केबल बदलणारे हिला बहुधा हात लावत नाहीत. ती गेली की सेल्फचा प्रवाह दुसरी वाट शोधतो : क्लचची केबल, ॲक्सिलरेटरची केबल, गिअरचा दांडा. क्लचची केबल कारण नसताना वारंवार तापते, जळते, अडकते, अशी तक्रार आली तर नवी क्लच केबल विकण्याआधी अर्थची पट्टी पाहावी. कोकणात खाऱ्या हवेने चेसीवरच्या बोल्टाखाली गंज धरतो. तिथे पट्टी नवी आणून भागत नाही, खालचा रंग आणि गंज घासून धातू उघडा करावा लागतो, बोल्ट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावावी लागते.

आता घरच्या कामाकडे. गिऱ्हाइकाच्या हाती तयार केबल देताना चार गोष्टी तोंडी सांगायला दोन मिनिटे लागतात. आधी बॉडीला जोडलेली बाजू सोडवायची, म्हणजे आजच्या गाड्यांत निगेटिव्ह. बसवताना तीच शेवटी. उलट केले आणि पॉझिटिव्हवरचा पाना चुकून बॉनेटला किंवा चेसीला लागला तर पान्यातून हजारभर अँपिअर वाहू शकतात. (जुन्या काही ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह बॉडीला असे, म्हणून नियम ‘निगेटिव्ह आधी’ असा न सांगता ‘बॉडीची बाजू आधी’ असा सांगणे बरे.) हातातले कडे-अंगठी काढून ठेवायची. पोलवरची पूड कोरडी झाडायची नाही. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओतायचा, फेस बसला की स्वच्छ पाण्याने धुवायचे. चुना मोरचुदाची आम्लता मारतो, सोडा बॅटरीच्या ॲसिडची. द्राक्षवाल्याला एवढे सांगितले तरी पुरते. आणि केबल जुन्याच वाटेने न्यायची, सायलेन्सरपासून दूर, पत्र्यातून जाते तिथे रबरी बूश घालून. सेल्फच्या केबलला बहुतेक गाड्यांत फ्यूज नसतो. साल घासली गेली तर मध्ये अडवणारे काही नाही.

पोलच्या जाडीची गफलतही दुकानातच निस्तरावी. छोट्या जपानी घडणीच्या गाड्यांचे पातळ पोल आणि जाड पोल यांच्या व्यासात जवळजवळ पाच मिलिमीटरचा फरक असतो. जाड पोलचे टर्मिनल पातळ पोलवर सैल बसते, मग घरी फटीत खिळा, स्क्रू किंवा पत्र्याची पट्टी ठोकली जाते. खिळ्यावर टेकलेल्या त्या टीचभर जागेतून दोनशे अँपिअर जायची अपेक्षा असते. ३८बी२०एल आणि ३८बी२०आर यांतल्या शेवटच्या अक्षराचेही तसेच. बाजू चुकली की केबल पुरत नाही, ती ओढून-ताणून बसवली जाते किंवा, त्याहून वाईट, उलटी लागते आणि आल्टरनेटरचे डायोड जातात.

गिऱ्हाइकाला शिकवता शिकवता कारागिरानेही एक जुनी सवय सोडायला हवी. इंजिन चालू असताना बॅटरीची केबल उपटून ‘आल्टरनेटर चार्ज करतोय का’ ते पाहणे, ही डायनामोच्या काळातली परीक्षा आहे. त्या काळात गाडीत बिघडण्यासारखे काही नव्हते. आता बॅटरीचा आधार सुटताच व्होल्टेज क्षणभर कितीतरी पटींनी उसळते आणि इंजिनच्या संगणकापासून मीटरपर्यंत काहीही जळू शकते. चालू इंजिनावर पोलांमध्ये साधारण १४ व्होल्ट दिसले की आल्टरनेटर चार्ज करतोय. त्यासाठी केबल उपटायची गरज नाही.

काही गाड्यांपाशी मात्र घरच्या पान्याने थांबावे. थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो. जादा अर्थ थेट पोलवर जोडली की त्याचा हिशेब चुकतो. विजेवरच्या आणि हायब्रिड गाड्यांमधल्या नारिंगी केबलला तर गिऱ्हाइकानेच नव्हे, प्रशिक्षण नसलेल्या मेकॅनिकनेही हात लावू नये. चारचाकीत तिथे बारा नव्हे, शेकडो व्होल्ट असतात.

राहता राहिला दर. केबल बनवून देण्यात बॅटरी विकण्याइतका नफा नाही, हे खरे आहे. पण मोजणीचे वेगळे पैसे लावायला कोणी अडवलेले नाही. डॉक्टर तपासणीचे घेतात, गोळ्या कुठूनही घ्या म्हणतात. मीटर लावून दोष दाखवण्याचे पैसे मागणारे दुकान महाग वाटत असेल, तर न मोजता बसवलेली बॅटरी किती महाग पडते, हे नानांना विचारावे.

निफाडकडच्या दुकानात जुनी केबल गोणपाटात गुंडाळून आणणारे शेतकरी हंगामात रोज येतात. ती केबल सुतळीने मोजावी, वळणासाठी वीतभर जादा धरावी, कापावी, दोन्ही टोके दाबावीत. सालीवर मार्करने ‘३५ तांबे’ आणि तारीख लिहावी, पॉझिटिव्हच्या टोकाला लाल नळी चढवावी. पोल घासायला पॉलिश पेपरचा तुकडा सोबत द्यावा. आणि गिऱ्हाईक मोटारसायकलला किक मारत असताना मागून एकदा ओरडून सांगावे, ‘नाना, मायनस शेवटी बरं का!’